हद्दीची नोंद

सुरुवात एका पांढऱ्या ओकपासून होते.
तिथून पूर्वेला एकशे चाळीस काठ्या, दगडांच्या ढिगापर्यंत,
मग ओढ्याच्या वळणावळणाने खाली,
सस्क्वेहानाच्या उन्हाळी पाण्याच्या रेषेपर्यंत,
तीच रेष धरून उत्तरेला, आणि परत ओकापाशी.
सतराशे नव्याण्णवच्या दस्तात एवढंच आहे.

ओक कुणी तोडला, माहीत नाही.
ढीग लाउबशरांच्या गोठ्याच्या पायात गेला.
नदी आपली रेष दर साली वेगळी सांगते
आणि तिची उलटतपासणी घेणार कोण?

मी इथली कारकून. मंगळवार, शुक्रवार, नऊ ते एक.
कर, कुत्र्यांचे परवाने, तुंबलेल्या मोऱ्यांच्या तक्रारी.
यंदा सव्वादोनशे वर्षं भरली, म्हणून पंच म्हणाले,
क्रेब्स फेरीचा भूगोल-इतिहास लिहून काढ.
दोनच पानं, अल्मा. छपाई महाग आहे.

तर भूगोल.
दोन डोंगर, मधे मक्याची चिंचोळी पट्टी,
एक मालगाडी, जी इथे थांबत नाही, फक्त कपबशा हलवते.
वस्ती सहाशे बारा.
(परवा रोलंड ट्रेक्सलर गेला. सहाशे अकरा.)
ऑगस्टमध्ये नदी घोट्याएवढी;
पोरं मधल्या बेटावर चालत जातात, आया काठावरून ओरडतात.
मार्चमध्ये तीच नदी
कपाटाएवढे बर्फाचे तुकडे परसात आणून टाकते
आणि ते एप्रिलपर्यंत तिथेच बसून राहतात,
न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे.

इतिहास.
आधी ज्यांचं होतं, त्यांच्यावर पाटीत एकच वाक्य आहे.
पण प्रत्येक घरात सिगारचा एक जुना डबा असतो,
नांगराला लागलेली बाणांची टोकं त्यात,
जाळ्याला बांधायचे खाचा पाडलेले गोटे.
पाटीपेक्षा डबा जड.

मग नाव घेऊन योस्ट क्रेब्स. त्याची वही आमच्याकडे आहे :
माणूस तीन सेंट, घोडा सहा, पाद्री फुकट,
पूर असल्यास पाद्रीही तीन.

मग कालवा, खेचरं, भांडणं. मग रेल्वे, आणि कालव्यात बेडूक.
मग खाली कुठेतरी धरण बांधलं,
आणि समुद्रातून वसंतात वर येणारे शॅड मासे
एका वर्षी आलेच नाहीत.
पणजोबा पुढची तीन वर्षं जाळी दुरुस्त करत राहिले.

मग कोळसा. वरच्या खाणींतून वाहून आलेला,
तळाशी गाळात काळ्या तांदळासारखा साचलेला.
पडाव घालून उपसायचे, वाळवायचे, विकायचे.
आजीचा पाव नदीच्या कोळशावर भाजलेला असे;
दाताखाली कचकन वाळू आली की ती म्हणे,
गीळ मुकाट्यानं, आपल्याच गावची आहे.

इथे दुसरं पान संपतं.

तिसरं कुणी मागितलेलं नाही.
जून बहात्तर. पोस्टाच्या चौकटीवर त्या पाण्याची खूण आहे,
माझ्या डोक्यावर आणखी दोन हात.
मी अकरा वर्षांची, व्हर्जिल सतराचा.
मिसेस ओबरडॉर्फच्या कालवडीची दोरी सोडायला गेला.
कालवड पोहत आली.
तो नवव्या दिवशी मिळाला, चौदा मैल खाली,
दुसऱ्या टाउनशिपच्या हद्दीत.
नियमाने नोंद तिकडे झाली.
आमच्या रजिस्टरात त्याचा जन्म आहे, मृत्यू नाही.
मी कधी दुरुस्ती केली नाही.

गेल्या महिन्यात मोजणीवाला पोरगा आला, उपग्रह वगैरे घेऊन.
लाउबशरांच्या शेतात लोखंडी खुंटी ठोकली. म्हणाला, ओक इथे होता.
कशावरून?
दस्तावरून.
आणि दस्त कशावरून?
तो हसला, पाय झाडून गाडीत बसला.

मी थोडा वेळ खुंटीपाशी थांबले.
मका गुडघ्याएवढा झालेला.
तिसरं पान अजून खणात आहे,
कुत्र्यांच्या परवान्यांखाली.