दुखतं का, तिनं विचारलं

मिरजेच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
बाकड्याच्या टोकाला ती बसलेली,
कवठेमहांकाळची, बारावीला,
मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात.
मी बाहेर आलो तेव्हा पाय अजून कापसाचे होते.
"दुखतं का?" तिनं विचारलं.
"नाही," म्हटलं,
आणि दाजींचा खांदा धरून जिना उतरलो.

एवढ्यानं काय होणार होतं तिचं?

सांगायला हवं होतं, अगं, दुखतं ते आधी.
बघायचं नाही ठरवून संडासात खाली बघणं,
लाल दिसलं की काल बीट खाल्लं का ते आठवणं,
आईला उष्णता झालीय सांगून सब्जा मागणं,
पट्ट्याला दाभणानं दोन नवी भोकं पाडणं.
तीन महिने.

मग डॉक्टरीणबाई. चष्मा कपाळावर.
दिवसातून किती वेळा, रंग कसा, रात्री उठावं लागतं का.
तुझे कान तापतील, त्यांचे नाही तापत.
त्यांच्या लेखी ते पाऊसपाण्याचं बोलणं.

आदल्या दिवशी मऊ भात, मग तोही बंद.
नारळपाणी, गाळलेलं सरबत. दूध नको, लाल रंगाचं काही नको.
संध्याकाळी ती पूड, दोन लिटर पाण्यात.
चव म्हणजे शिळ्या लिंबूसोड्यात कुणी मीठ सांडलंय.
गार करून घे. घोटघोट.
आमच्यात खोल्या चार नि संडास एक.
दाजींनी चौकटीत उभं राहून जाहीर केलं,
"आज रात्री संडास निवासचा!"
मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पाचव्या फेरीला लाजसुद्धा दमली.
खोबरेल तेल जवळ ठेव. हे कागदावर लिहिलेलं नसतं.

रात्री दोनला नुसतं पाणी, पिवळसर, नितळ,
आणि मला भोपळा आठवला.

सतारी बनवतात त्या गल्लीत कामाला आहे मी.
हैदरचाचा वाळला भोपळा भिजत घालतात,
त्यातल्या बिया, जाळी, चिकटलेला गर
खरवडून काढायचा, ते माझ्याकडं.
मग आत बल्ब सोडून बघायचं,
कुठं कीड, कुठं चीर.
"आत घाण ऱ्हायली की आवाज बसका येतो," चाचा म्हणतात.
चार वर्षं दुसऱ्यांच्या पोटात बल्ब सोडलेत.
त्या रात्री पाळी माझी.

सकाळी मागून उघडा गाऊन मिळतो.
नाड्या सिस्टरकडूनच बांधून घे.
सुई एकदाच, हाताच्या पाठीवर.
डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी.
सिस्टरनं विचारलं, "सतार वाजवतोस पण?"
मी म्हणणार होतो, नाही, मी फक्त

मग कुणीतरी हाका मारतंय, निवास, ए निवास,
पोटात हवा, आणि ती सोडायचीय, पडद्याआड, पण सगळ्यांच्या कानांवर.
सोड. शेजारच्या खाटेवर निवृत्त तलाठी
केव्हाचे सोडत होते, अगदी निवांत.
नंतर चहा, दोन बिस्किटं. असा चहा पुन्हा मिळायचा नाही.
त्या दिवशी गाडी चालवायची नाही,
म्हणून दाजी.

डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवले.
ओला गुलाबी बोगदा, मध्येच लालभडक ओरखडे.
"सूज आहे. तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतलेत,
रिपोर्ट आठ दिवसांनी. औषधं असतात यावर."

आज सहावा दिवस.
मांडीवर भोपळा, आत बल्ब.
कडेला काळपट डाग लागला बोटाला.
चाचांनी वाकून पाहिलं.
"टाकायचा न्हाई. भुसा नि सरस भरू. वाजतो असला बी."
मी काही बोललो नाही, खरवडत राहिलो.

तुझं काय निघालं?
मी "नाही" म्हटलं ते खोटं नव्हतं गं,
अपुरं होतं.
नाव विचारायचंही सुचलं नाही,
आणि फाइलवरचं तर
तुझ्या हातांखाली होतं.