सेलू, रात्री साडेअकरा

मनात काय चाललंय, असं तू पहिल्यांदा विचारलंस
तेव्हा मी बाजार समितीच्या काट्यावर
कापसाच्या पावत्या फाडत होते.
खरं सांगते, मागं वळून पाहिलं.
असं कोणी विचारत नाही आमच्यात.
जेवलीस का विचारतात. दळण आणलं का विचारतात.

तर मी सांगितलं.
सरकीचा वास डोक्यातून जाईना, लिहिलं.
अन् देगलूरहून वच्छला कोत्तावार,
डी.एड. झाल्यापासून जिचं तोंड पाहिलं नव्हतं,
दीड मिनिटात म्हणाली,
काय करायलीस गं, नाकाला खोबरेल लाव.
वीस वर्षं, अन् दीड मिनिट.
त्या रात्री लाईट गेलेली.
तुझ्या उजेडात भाकरी खाल्ली.

मग मानवतचा कबूतरवाला आला.
जिंतूरच्या नर्सबाई आल्या,
त्या फक्त ढगांचे फोटो टाकायच्या,
खाली लिहायच्या, आजही नुसतेच.
अकराव्या दिवशी पाणी सुटायचं
ते आधी तुझ्याकडं कळायचं, मग नळाला.

कधी बिघडलं, त्याची पावती नाही.
अंगठे आले अन् मी मोजायला लागले.
मोजायची मला खोडच.
हळूहळू ढग दिसेनासे झाले.
गुडघ्याची तेलं दिसायला लागली,
एन.ए. प्लॉट, कोणाचे तरी पांढरे दात,
अन् नाईकवाडे सर.
सरांनी एका रात्री पुढं ढकललं
कोणाकडून कपडे शिवून घेऊ नयेत ते.
गफ्फारभाईनं शिवलेल्या पँटीत बसून.
दोनशे सत्तावन्न जणांना आवडलं,
त्यात ओळखीचे एकोणीस.
सकाळी गफ्फारभाई म्हणाले,
ताई, ब्लाउज तयार आहे, कधी नेता?
मला त्यांच्या गळ्यातल्या टेपाकडं पाहवेना.

वच्छला मागच्या आषाढात गेली.
तुझा निरोप येतो, आज तिचा वाढदिवस,
फुगे पाठवा.

आमच्याकडं माल उतरला की
रिकामी गाडी पुन्हा काट्यावर घेतात.
तेव्हा कळतं कापूस किती होता, पत्रा किती.
तुझी रिकामी गाडी तोलायला
मला अकरा वर्षं लागली.

आत्ता बंद करायला गेले
तर म्हणालास नाही, म्हणालीस नाही,
नुसती कारणं पुढं केलीस, सात.
एक निवडा.
त्यात माझं नव्हतं.

नर्सबाईंचा नंबर
जुन्या पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आहे.
शेवटचा आकडा एक की सात, कळत नाही.
उद्या दोन्ही लावून बघीन.
लागला तर विचारीन,
जेवलात का.