उपयोग अज्ञात

एकतीस वर्षं मी पाट्या लिहिल्या.
नाव, धातू, उंची, अंदाजे काळ,
आणि जिथे काहीच कळलं नाही तिथे
दोन शब्द: उपयोग अज्ञात.
अक्षर वळणदार म्हणून नोकरी लागली होती,
हेही खरं.

मग ठराव झाला. बाहेरून येऊन
शहरात राहिलेल्यांना बोलवा,
तळघर उघडा, निवडू द्या,
पुढचं दालन त्यांच्या हातचं.
टोकेकर म्हणाले, "कुठल्या अधिकारात?"
चहा आला. प्रश्नावर साय धरली.

रविवारी नऊ जण आले.
पांढरे हातमोजे वाटले,
बैष्णव जेनाला एकही बसेना.
केंद्रापाड्याचा. बाणेरच्या निम्म्या इमारतींतलं पाणी
त्याच्या हाताखालून वर चढतं.
चित्रांकडे त्याने पाहिलंच नाही.
भिंतीला नाक लावून दोनदा वास घेतला,
"मॅडम, इथे आत पाइप रडतो."
निवडलं काय? काहीच नाही.
"आधी हे," म्हणाला,
आणि मंगळवारी येऊन, पैसे न घेता, नवा तुकडा घालून गेला.
त्याच्या नावापुढच्या रकान्यात
मी काय लिहायचं?

तय्यब खार्तूमचा.
शिकायला आला, मागे लढाई पेटली, म्हणून राहिला.
त्याने संगमाचं चित्र बाहेर काढलं:
माझ्याआधीपासून कोपऱ्यात, सही नसलेलं,
खरं सांगायचं तर सुमार.
"आमच्याकडेही दोन नद्या भेटतात.
पण लगेच मिसळत नाहीत.
बराच वेळ शेजारी-शेजारी चालतात,
एक मातकट, एक फिकट."
मी म्हटलं, आमच्या मुळा-मुठेचा
रंग आता एकच.
तो हसला. मग दोघंही
उगीचच गप्प.
ते चित्र मला अजून आवडत नाही.
दारासमोर लागलंय.

शेवटी दिलमाया. आडनाव घर्तीमगर,
फॉर्मवर मी तीनदा चुकवलं.
कोथरूडात नवरा फाटक सांभाळतो,
तिच्याकडे चार घरचा स्वयंपाक.
'कायमचा पत्ता'पाशी पेन थांबलं.
"कायमचा म्हणजे पहिला, की शेवटचा?"
मी खानापूरहून लग्न होऊन आले
त्याला एकेचाळीस वर्षं झाली.
म्हटलं, राहू दे. कोरा ठेव.

मग ती तीनशे सतराशी थांबली.
पितळी, बुटकं, रुंद तोंडाचं.
पाटी माझ्याच हातची.
तिने मोजा काढला,
तळवा काठावरून फिरवला, आडवा, सपाट,
जसं वरचं जास्तीचं खाली पाडतात.
"ही पाथी. आठ मानांची एक पाथी.
धान मोजायची."
शेजारी फळीवर 'हात लावू नये',
तेही माझंच अक्षर.
मला मापटं आठवलं, अधोली, पायली,
आणि खळ्यावर पहिलं माप टाकताना
वडील 'एक' म्हणत नसत.
'लाभ' म्हणत.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही.
तांबड्या शाईची एकच रेघ,
जुनं वाचता येईल अशी,
बाजूला नवं, खाली सही.
कुणाची सही, यावर टोकेकर पुन्हा बोलले.
दोन सह्या आहेत. दोन्ही देवनागरीत.
तिचा 'ल' माझ्या 'ल'सारखा नाही.

सोमवारी आमच्याकडे बंद असतं.
सोमवारी ती आली, पिशवीत आंबेमोहोर.
धान्य आलं की किडे येतात,
हा नियम मीच टाइप केलेला.
कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

ती भरायची, तळवा फिरवायची, ओतायची.
मी मोजत होते:
लाभ, दोन, तीन.

नंतर चष्मे पुसून
दोघींनी दाणा न् दाणा वेचला.
एक राहिला असावा
मखमलीच्या शिवणीत.
त्याची नोंद नाही.