साडी-गार्ड

एअर-फिल्टरचं झाकण उघडलं
आणि हळद निघाली.
चमचाभर, दमट, ऑइलनं काळवंडलेली.
कुशल मगदूम म्हणाला, वडील मार्केट यार्डात दिवाणजी होते,
अठ्ठ्याहत्तरची येझदी,
घरातनं यार्डात, यार्डातनं घरी,
पोत्यांच्या थप्प्यांमधनं सत्तावीस वर्षं.
मी फुंकर मारली. खोकलो.
कुपवाडच्या माझ्या शेडमध्ये त्या दिवशी
ग्राइंडरच्या ठिणग्यांनासुद्धा जेवणाचा वास.

त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला :
विलायतेतली गाडी, सडपातळ,
कुंपणाखालनं निसटणाऱ्या पोरासारखी पुढं झुकलेली.
अशी करायची, म्हणाला.
म्हटलं, करू. पण कापावं लागंल.
कापा, म्हणाला.

कापणं सोपं असतं.
मडगार्ड, क्रॅशगार्ड, टूलबॉक्स, पिशवीचा हुक,
मागची चौकट शॉकअपच्या पुढं चार बोटं सोडून.
साडी-गार्ड सगळ्यात शेवटी.
चार नटांतले तीन गंजलेले,
चौथ्याच्या जागी तारेचा पीळ.
भंगारात टाकला. ठण्ण वाजला.

टाकी मिरजेला नेली, दस्तगीर शिकलगारांकडं.
ते सतारीचे भोपळे घासतात.
बोटानं टाकी ठोकली, कान लावला,
"पंचमात जरा उतरलीय," म्हणाले आणि हसले.
लाखेचं पॉलिश पेट्रोलला टिकत नाही
हे त्यांनीच सांगितलं,
तरी एका कोपऱ्यावर हात मारून दाखवला.
रंग मग कंपनीचाच, गडद तपकिरी.
घासाई त्यांची.

अडलं ते पायाशी.
येझदीचा दांडा एकच,
उभा केला की किक, पाडला की गिअर.
फूटरेस्ट मागं नेले तर गिअर सापडेना,
लिंकेज लावलं तर किक बसेना.
सतरा दिवस त्या एका दांड्यापाशी गेले.
शेवटी होतं तिथंच ठेवलं.
म्हणजे बसणारा कमरेपर्यंत रेसर
आणि खाली अजून दिवाणजीच.

रंग वाळायच्या आत त्याची आई आली, पद्मावतीकाकू,
रिक्षानं. चपला शेडबाहेर काढल्या.
गाडीभोवती एक फेरी मारली,
सीट हातानं मापली : दोन वीत, चार बोटं.
"आणि मागं?"
कुशल चाकातली हवा तपासायला लागला.
मी म्हटलं, काकू, ही एकट्याचीच असते.
"बरं."
मग भंगाराकडं बघून, "हे किलोनं जातं का?"
गार्ड त्यांनी स्वतःच ओढून काढला,
झटकला, पदराला गंज लागला.
"तीन साड्या खाल्ल्यात यानं, आणि म्हणे गार्ड."
परसात दुधी लावलाय, त्याला चढायला होईल, म्हणाल्या.
पैसे विचारले. मी नाही घेतले.

पहिली चाचणी मीच घेतली, रात्री साडेदहाला,
कोल्हापूर रस्त्यानं अंकलीच्या पुलापर्यंत.
साठला थरथरली, सत्तरला गप्प झाली.
पुलावर नदीचा गार झोत छातीत,
मागं वजन नाही म्हणून
ब्रेकला मागचं चाक नाचतंय.
हे त्याला सांगायला हवं.
थांबून हेल्मेट काढलं,
धुराला अजून हळदीचा वास,
का माझ्याच मिशांना, कळेना.

भाद्रपदात कुशल कार्ब्युरेटर लावून घ्यायला आला.
डिकी नाही, कॅरिअर नाही, हुक मीच कापलेला.
जॅकेटची चेन गळ्यापर्यंत, पोट फुगलेलं.
चेन खाली ओढून काढला
हातभर दुधी, कोवळा,
एका अंगाला दोन गजांमधनं वाढल्याची खाच.
"आईनं दिलाय," म्हणाला.
"आणि विचारलंय,
आणखी कुणाची गाडी कापताय का,
कारल्याला एक हवा होता."