व्याह्यांचा डाव

सगळे तंबूत झोपलेले. साडेसहा.
विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, मेपलच्या ओल्या सावलीत
व्हर्लिननी माझ्यापुढे दोन तबकड्या धरल्या,
एक काळी, एक गुलाबी,
आणि भुवयांनीच विचारलं : येता?

लेकीचं लग्न कोर्टात झालं, सात मिनिटांत.
मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत,
विहिणीची पंगत तर नाहीच.
हे माझे व्याही. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करता करता निवृत्त झालेले,
दिवसाला चाळीसेक शब्द,
त्यातले वीस कुत्र्याशी.
मी गुलाबी घेतली.

कॅम्पच्या मागे नऊ टोपल्या आहेत,
लोखंडी खांबांवर, वर साखळ्यांची झिरमिळी.
अंतर म्हणाल तर आमच्या सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत.
पण मध्ये झाडं. झाडंच झाडं.
पहिली फेक बर्चला लागली.
दुसरी त्याच बर्चला.
नाचता येईना अंगण वाकडं, मी मराठीत म्हणाले.
व्हर्लिननी गंभीरपणे मान हलवली,
तळहात हवेत आडवा धरून दाखवला.
सपाट.

मग मला बँकेतला कॅरम आठवला,
सांगली शाखा, महिला एकेरी, लागोपाठ तीन वर्षं.
जोर खांद्यात नसतो,
तो मनगटाच्या शेवटच्या इंचात असतो,
आणि आडवं आलेलं सगळंच काही आडवं नसतं,
कधी ती रिबाउंडची कड असते.

चौथ्या टोपलीला हेमलॉकच्या बुंध्यावर टणकन आपटून
तबकडी वळली ती थेट साखळ्यांत.
झोपाळा पायानं थांबवला की कड्या वाजतात, तसा आवाज.
राणी! मी ओरडले.
कुठल्याशा तंबूतून कोणीतरी खोकलं.
राणी घेतली की कव्हर लागतं
हे व्हर्लिनना कसं सांगायचं, या विचारात
पाचवीला सहा फेकी गेल्या.
सहावीला तबकडी एका बिऱ्हाडाच्या टेबलाखाली घुसली.
चौकड्यांच्या पायजम्यातला माणूस बेकन परतत होता,
त्यानं ती चिमट्यात धरून परत दिली.

सातवीला उतार,
उतारावर कमरेएवढं नेच्याचं रान.
गुलाबी तबकडी त्यात बुडाली, हूं की चूं न करता.
दहा मिनिटं शोधलं. डास.
मी म्हटलं, राहू द्या, ऑफिसात मिळते पाच डॉलरला.
व्हर्लिन ऐकेनात.
बदललेल्या दोन्ही गुडघ्यांनिशी खाली बसले,
पोरीच्या केसांतून फणी फिरवावी
तसं एकेक पान बाजूला करत.

सापडली मला. पालथी पडली होती.
पोटाशी मार्करनं लिहिलेलं, पुसट,
मार्लिस,
आणि खाली घरच्या फोनचा नंबर, एरिया कोडशिवाय.

जावयाच्या पाकिटात पाहिलंय तिला,
टोपी घातलेली, डोळे उन्हानं बारीक.
लग्नाच्या चार वर्षं आधीच.

मी नेच्यात तशीच उभी.
शोभेलसं इंग्रजी नव्हतं माझ्याकडे,
मराठीही नव्हतं म्हणा.
दोन्ही हातांनी तबकडी पुढे केली,
वाण देताना धरतात तशी.
त्यांनी ती पँटला पुसली, दोनदा,
परत माझ्या हातात ठेवली
आणि टोपलीकडे बोट केलं.
तुमची पाळी.

आठवी मला आठवत नाही.

नववी सरळ आहे, साठ पावलं, मध्ये एकच झाड.
त्यांची साखळ्यांत.
माझी खांबाला लागून गवतात.
वाकून उचलली, आणि मग अगदी जवळून,
जवळजवळ ठेवल्यासारखी, आत टाकली.

परतलो तर लेक स्टोव्हवर चहा उकळत होती.
कोण जिंकलं?
मी गप्प.
व्हर्लिन म्हणाले, रानी.
'ण' काही त्यांना जमला नाही.
लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी चहाकडे,
आणि ते कुत्र्याला हाक मारून
लाकडं आणायला गेले.