रंग जातो का

उद्यमबागेतल्या कारखान्यानं धाडलं होतं मला नागोयाला,
पंप जोडायचं शिकायला, सहा आठवडे.
तिथं एका रविवारी आपणच शोधत गेलो
रंगाऱ्यांची म्हणून जपून ठेवलेली गल्ली.

विजेच्या तारा जमिनीखाली पुरलेल्या.
काळी पडलेली लाकडं, जाळीच्या खिडक्या,
दारांवर निळे पडदे, अर्ध्या उंचीचे;
आत जायचं तर वाकावंच लागतं,
नमस्कार आपसूक होऊन जातो.
एका उंबऱ्याआड एक म्हातारी
आकड्याला कापडाची चिमूट अडकवून
दोरा गुंडाळत होती. गाठ. गाठ. गाठ.
आई शेंगा फोडायची तशी, न बघता.
मी खुणेनं विचारलं, केवढ्याला?
तिनं हातातलं खाली ठेवलं
आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला.
सगळ्यात लहान होता तो घेतला. रुमाल.

भरमूमामासाठी.

मामा वडगावातला शेवटचा नीळवाला.
आडनाव निराळी.
'आमचं समदंच निराळं' हा त्याचा एकुलता विनोद.
कानडीत सांगितला की मरतो,
म्हणून कानडी गिऱ्हाइकालाही तो मराठीतच सांगायचा
आणि गिऱ्हाईक हसेपर्यंत कापड सोडायचा नाही.

तिसऱ्या गेटाकडून आत वळलो.
ही गल्ली कुणी जपून ठेवलेली नाही.
तोंडाशी पाटी, दोन भाषांतली,
एकीवर डांबर; कुठलीवर ते
त्या त्या वर्षावर.
डोक्यावर तारांचा गुंता, त्यात अडकलेला पतंग,
दोन्ही बाजूंनी मागांची खटाखट.
मामाच्या अंगणातले सात रांजण
आता फरशीखाली आहेत.
फरशीवर पोराचे चार यंत्रमाग.
त्यांनी तिकडं तारा पुरल्या,
आम्ही रांजण.

मामानं रुमाल आधी नाकाला लावला.
'चुना. आन् गव्हाचा कोंडा.
टाकळ्याचं बी न्हाई घालत व्हय ती माणसं?'
मला ठाऊक नव्हतं. मी पंपांचा माणूस.
मग मांडीवर पसरून तो अंगठा फिरवत राहिला
चुण्यांच्या बारीक दाण्यांवरून,
आंधळा ताट चाचपतो तसा.
'हितंवर गाठी तंग हाईत बघ.
आन् हितनं सैल.
हितं तिला कुणीतरी हाक मारलीया.
परत बसली ती, पर मन न्हवतं.'

मी काही बोललो नाही.
केवढ्याला, असं विचारणारे आम्हीच की.

'रंग जातो का?'
आयुष्यभर हा प्रश्न लोकांनी त्याला विचारला,
शहापूरच्या बाजारात, खानापूरच्या जत्रेत,
आणि आयुष्यभर तो रागावला.
आज त्यानंच विचारला.
'मामा, नको, महाग आहे,' म्हणेपर्यंत
घमेल्यात पाणी, पाण्यात रुमाल.

आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.
पाणी बराच वेळ पाणीच होतं.
मग एका कोपऱ्यातून सुटली
धुरासारखी एक रेघ, आणि
'जातो!' मामा ओरडला. 'जातो की रे!'
लांबची भावकी ओळख पटल्यासारखा,
मांडीवर थाप मारून.
'थोडा जायाचाच. आमचाबी जायाचा.
लोकास्नी काय सांगायचं?'

तेवढ्यात वीज गेली.
आधी शेजारचे माग थांबले, मग आमचे,
मग गल्लीच्या टोकापर्यंत सगळे.
तारेवरच्या रुमालाचं टपकणं ऐकू येऊ लागलं,
फरशीवर, रांजणांच्या बरोबर वर.

मामी घमेलं ओतायला उठली.
'ऱ्हाऊ दे गं जरा,' मामा म्हणाला,
'वीज येईस्तोवर.'