डाव्या बाहीचा गरुड

लक्ष्मीपुरीत, रविवारच्या बाजारात,
गंजक्या चाव्या आणि पितळी तोट्यांच्या ढिगात
तो पालथा पडला होता.
दोन बोटं उंच. निळ्या कापडावर लाल दोऱ्याचा
नांगर, आडवी बंदूक, वर गरुड.
"बँडवाल्यांचा असंल," इलाही मुजावर म्हणाला, "वीस द्या."
मी तीस दिले.
त्याचं कोडं त्याला अजून सुटलेलं नाही.

बेचाळीस वर्षं महाद्वार रोडला घड्याळं उघडली.
भिंगाची सवय डोळ्याला गप्प बसू देत नाही.
बिल्ला उलटा करून बघावा;
पुढची बाजू नकली करणाराही झकास करतो,
खरं काय ते पाठीमागं, गाठींत.
नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरला,
दोरा चमकला नाही. जुना.
नळीचं तोंड डावीकडं, म्हणजे डाव्या बाहीचा,
कारण चालणाऱ्याची बंदूक पुढंच बघायला हवी.
म्हणजे उजवा कुठंतरी आहे.

वहीत पेन्सिलीनं लिहिलं:
आरमारी कमांडो, दुसरं महायुद्ध.
कडेला पांढरे टाके, लष्करी शिंप्याची दुरुस्ती.
शाईनं लिहायला माणसाचं नाव लागतं.

इलाहीला आठवलं, पुरानंतरच्या भंगारातला तो, चिखलीचा.
केएमटीनं गेलो.
शेवंताकाकी कुरणे उंबऱ्यात शेंगा फोडत होत्या.
"सासरे व्हते की बोटीवर. रावजी.
समुद्र कुठला बघितलाय त्यांनी?
पंचगंगा फुगली की पवून पलीकडं जायाचे,
म्हणून घेतलं म्हणं भरतीत."
लढाईचं विचारलं की म्हातारा एवढंच बोलायचा:
चिखलात होतो.
घरचे हसायचे. चिखलीचा गडी,
दुसरा कुठं असणार?

मला अराकानच्या खाड्या दिसल्या,
ओहोटीला उघडी पडलेली काळी माती,
बोटीची फळी धाडकन खाली,
आणि पहिला उतरणारा
पाय टाकण्याआधी काठीनं खोली बघणारा.

काकींनी वाकळ आणली.
हिरव्या लुगड्याच्या मधोमध, भोकावर ठिगळ:
उजवा.
पुरात भिजून लाल रंग निळ्यात उतरलेला,
युद्धाच्या घाईत रंगवलेला कच्चा दोरा.
माझ्या खिशात कात्री होती, पाचशेची नोट होती.
"थंडीत मी हीच पांघरतो," काकी म्हणाल्या.
"ह्ये काढलं तर तिथं भोक पडंल न्हवं?"

मी डावा दाखवला.
त्यांनी आधी उलटा केला, माझ्यासारखाच,
नखानं गाठ चाचपली.
"ह्यो सासूबाईंचा टाका.
गुळाच्या रव्याच्या फडक्याचा दोरा हाय बघा."
वहीतला लष्करी शिंपी मी तिथंच खोडला.
"सासूबाईंचं नाव?"
काकी जरा थांबल्या. "कोंडाबाई. कुणी इचारलं न्हाई कधी."
रावजी, कोंडाबाई. शाईनं.

सुई त्यांनी ओवली, दोरा माझ्या दातांनी तुटला.
डावा उजव्याशेजारी बसला, पण उलटसुलट,
नळ्या एकमेकींवर रोखलेल्या.
सांगणार होतो. टाका घट्ट पडला होता.

पुढच्या रविवारी इलाहीनं विचारलं,
"केवढ्याला गेला?"
"गेला," मी म्हणालो.
"तोटा झाला की," तो हळहळला,
आणि ढिगातली एक पितळी तोटी
माझ्या हातावर ठेवली. फुकट.